पूजेआधी तोललेले खोके

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन दंगली अंगावर घेतल्या. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की माझ्या तोंडी सगळ्यांत आधी येते ती दिवाळीतली लॅपटॉपची केस. तिच्यात रक्ताचा थेंब सांडला नाही, गोळी सुटली नाही, वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही छापून आलं नाही. तरी ज्या मोजक्या कामांचा मला अभिमान वाटतो, त्यांत ती पहिली. त्या केसमध्ये मी एक ढोबळ चूक केली होती, तीही लपवणार नाही.

दोन हजार सालानंतरची ती दिवाळी. मी सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि वर्धा जिल्ह्यातल्या, रेल्वेलाइनवरच्या एका कापूसबाजाराच्या गावाचा ठाणेदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नावं लिहीत नाही. दिवाळीत आमच्या ठाण्याला तीन कामं ठरलेली: फटाक्यांच्या दुकानांचे परवाने तपासणं, बाजारातले पाकीटमार धरणं आणि जुगाराच्या अड्ड्यांवर छापे घालणं. कापसाचा हंगाम सुरू झालेला असायचा, लोकांच्या हातात पैसा खेळत असायचा आणि तो काढून घ्यायला बाहेरची माणसंही गावात उतरायची.

त्या वर्षी मंगल कार्यालयात एक सेल लागला. दिवाळीच्या सवलतीत लॅपटॉप, नागपूरच्या दुकानापेक्षा निम्म्या किमतीत, वर बॅग आणि माऊस मोफत. तोवर लॅपटॉप म्हणजे बँकेच्या साहेबाची नाहीतर परदेशातल्या जावयाची वस्तू. आता कॉलेजची पोरं मागायला लागली होती आणि बापांचा जीव किमती ऐकून वर-खाली व्हायचा. त्यामुळे सेलला ही गर्दी. टेबलावर एक चालू लॅपटॉप ठेवलेला, त्यावर गाणी लागलेली. विक्रेता चाळिशीचा, गोड बोलणारा, कपाळाला गंध. त्यानं आठवडाभर फक्त बुकिंग घेतलं. माल देणार धनतेरसच्या दुपारी, मुहूर्तावर. प्रत्येक खोक्याला लाल नाडा बांधलेला आणि वर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. पावतीवर छापलं होतं की सील तोडल्यावर तक्रार चालणार नाही. देताना तो प्रत्येकाला हात जोडून सांगायचा, "लक्ष्मी है, पूजा के बाद ही खोलना."

हे सांगायची खरं तर गरजच नव्हती. आमच्याकडं धनतेरसला घेतलेली वस्तू लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाशेजारी मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि मगच वापरायला काढतात. धनतेरस ते लक्ष्मीपूजन, मध्ये दोन दिवस. त्या दोन दिवसांत गावातला एकही खोका उघडला जाणार नाही, हे तो पक्कं ओळखून होता.

मीही एक घेतला होता. माझा मुलगा बारावी होऊन पुढं शिकत होता. मी गणवेशातच गेलो तेव्हा विक्रेता खुर्चीवरून उठून उभा राहिला. "साहेब, तुम्हाला लाइनीत कशाला?" म्हणाला आणि खोका हातात दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

धनतेरसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात हजेरी घेत होतो. गावातला रेल्वेचा एक गँगमन, त्याची बायको आणि मुलगी दारात उभे राहिले. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. हातात तोच लाल नाड्याचा खोका, पण उघडलेला. तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला. आत थर्माकोलच्या दोन पाट्या आणि त्यांच्यामध्ये फरशीचा कापलेला तुकडा.

"साहेब, काल संध्याकाळी उघडला तर हे निघालं," ती म्हणाली.

मी विचारलं, "त्यानं पूजेनंतर उघडायला सांगितलं होतं ना? मग आधीच काऊन उघडला?"

"आमच्याकडं लक्ष्मीपूजन नसते साहेब. आम्ही बौद्ध. सुट्ट्या संपल्या की मले प्रोजेक्ट द्यायचा हाय. मी कायले थांबू?"

माझा हवालदार जवळच्याच मोठी आंजी गावचा, वीस वर्षांचा मुरलेला माणूस. त्यानं फरशी उचलून उलटीपालटी केली आणि माझ्याकडं पाहिलं. मी शिपायाला विक्रेत्याला बोलावून आणायला पाठवलं.

तो हसतमुखानं आला आणि एकटा आला नाही. सोबत गावातले दोन प्रतिष्ठित होते. त्यातला एक कापसाच्या एका मोठ्या अडत्याचा मुलगा. विक्रेत्यानं पावती टेबलावर ठेवली, तिच्यावर मुलीची सही होती. 'सीलबंद माल मिळाला.'

"साहेब, मैंने सत्तर-अस्सी घरों में माल दिया," तो म्हणाला. "एक भी शिकायत नहीं. सिर्फ इन्हीं का पत्थर कैसे निकला? लॅपटॉप घर में रखा, पत्थर मुझे वापस. मुझे भी रिपोर्ट देनी है."

अडत्याच्या मुलानं मान डोलावली. "आमच्या पेढीवर चार खोके हायेत साहेब. आम्ही काही बोंबलून राह्यलो का? अशा लोकायचं काही खरं नसते."

गँगमन पुढं झाला. त्यानं हात जोडले. "साहेब, लॅपटॉप गेला तर गेला. पण माह्या पोरीवर चोरीचा आळ नका येऊ देऊ. उद्या तिले नोकरी लागन, तुमच्याकडूनच चारित्र्याचा दाखला लागन. तवा काय लिहान तुम्ही?"

प्रश्न तेवढाच होता. विक्रेत्याची तक्रार मी लिहून घेतली असती तर त्या मुलीच्या नावापुढं कायमची एक नोंद झाली असती. आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरून समुद्रपूरच्या सेलला जाणार होता. खरं काय ते शोधायला माझ्या हातात एकच दिवस होता.

मला वाटलं, हे सोपं आहे. दुसरा एखादा खोका उघडून पाहू. पण दिवाळीत कुणाच्या घरी जाऊन पूजेची वस्तू फोडायची? गावात बोंब झाली असती. मग आठवलं, खोका आपल्याच घरी आहे की! विक्रेत्याला पुन्हा बोलावतो म्हणून परत पाठवलं आणि गँगमनच्या घरच्यांना ठाण्यातच थांबवलं.

क्वार्टरवर गेलो तर सौभाग्यवतींनी तो देवघरासमोर पाटावर ठेवलेला, खाली तांदळाचं स्वस्तिक. मी सगळं सांगितलं.

"अहो, चोर पकडायला तुम्हाला आपलीच लक्ष्मी सापडली का?" ती म्हणाली. पण ती पोलिसाची बायको. पुढं तीच म्हणाली, "त्या पोरीच्या जागी आपली असती तर? उघडा. फक्त बूट काढून या."

मी नाडा सोडला. आत लॅपटॉप होता. नवा कोरा, चालूही झाला. मुलगा आनंदानं ओरडला आणि माझं डोकं सुन्न झालं.

इथं माझी चूक झाली. मी ठाण्यात परतलो आणि मनात खटला निकाली काढून टाकला. माझ्या खोक्यात माल खरा, म्हणजे विक्रेता खरा, म्हणजे मुलगी खोटी. पंचवीस वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहिलेला अधिकारी, पण स्वतःच्या डोळ्यांवर विसंबला आणि फसला. गँगमनला म्हणालो, "माझ्या खोक्यात लॅपटॉपच निघाला. तुम्ही आता घरी जा. तुमची तक्रार मी घेत नाही. पोरीला नीट विचारा, आणि लॅपटॉप घरात असेल तर संध्याकाळपर्यंत आणून द्या. मी त्याची रिपोर्ट होऊ देणार नाही." मला वाटत होतं मी उपकारच करतोय.

बाप दाराकडं वळला. आईनं पदर तोंडाला लावला. मुलगी मात्र जागची हलली नाही.

"साहेब, एक विचारू? तुमचा खोका त्यानं कुठून देला? आमच्या सगळ्यायले ढिगातून देला. तुमचा?"

मी मनात ती दुपार पुन्हा पाहिली. माझा खोका त्यानं टेबलाखालून काढला होता. खुर्चीवरून उठला, वाकला आणि टेबलाखालून काढला. तेव्हा मला तो मान वाटला होता.

कान गरम झाले. तिच्यासमोर, माझ्या शिपायांसमोर. मी तिला म्हणालो, "बाई, बस खुर्चीवर. कुठं जाऊ नकोस." हवालदाराला सांगितलं, दोन माणसं साध्या वेशात मंगल कार्यालयाच्या फाटकावर लाव, ट्रक बाहेर पडता कामा नये.

आता पुन्हा तोच पेच. खोके उघडायचे कसे? क्वार्टरवर जाऊन मी माझा खोका, दाखवायला म्हणून, होता तसा पुन्हा भरला, जीपमध्ये टाकला आणि थेट त्या अडत्याच्या पेढीवर गेलो. तिथंच चार खोके होते. अडत्या सत्तरीचा, पांढरी टोपी, गावात त्याच्या शब्दाला वजन. पेढीची साफसफाई झालेली, दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी चौरंग मांडलेला. खोके चौरंगाजवळ ओळीनं ठेवलेले.

"शेठजी, यातला एक उघडू द्या," मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही म्हणान ते करतो, पण हे नाई," तो म्हणाला. "माह्या बापानं पूजेआधी कधी दोरा तोडला नाई. परवा या, पाह्यजे तर चारही घेऊन जा."

परवा तो ट्रक कुठं असता कुणास ठाऊक. मी पेढीवर नजर फिरवली. कोपऱ्यात सरकी आणि ढेप, म्हणजे पेंड, तोलायचा लहान काटा होता, चकाकी आणलेला, त्यालाही हार घालायचा होता. कापसाच्या बाजारात आयुष्य काढलेला माणूस माझ्यासमोर बसलेला, आणि मी त्याच्याशी चाकूची भाषा बोलत होतो!

"उघडू नका शेठजी. तोलून तर पाहता येईल?"

म्हातारा हसला. "तोलाले काय हरकत हाय? तोलणं तर आमचा धर्मच हाय."

त्यानं आपल्या जुन्या मापाऱ्याला हाक मारली. आधी माझा खोका काट्यावर चढला, साडेतीन किलोला थोडा कमी. मग चौरंगाजवळचे चार. पहिला चार किलोच्या वर गेला. दुसरा तीन किलोही भरेना. तिसरा आणि चौथा आणखी वेगळे. मापाऱ्यानं पारडं पुसलं, पुन्हा तोलले. तेच. नंतर त्यानं एक खोका दोन्ही हातांनी उचलून हलकेच हलवून पाहिला आणि म्हणाला, "शेठजी, कंपनीचा माल असा कमीजास्त नसते. हे हातानं कापलेलं काहीतरी हाय."

 म्हातारा काट्याकडं पाहत राहिला. मी त्याला काही समजावलं नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोलीस सांगतो ते लोकांना पटतंच असं नाही, पण त्याच्या पेढीवर काट्यानं सांगितलेलं त्याला नाकारता येत नव्हतं.

"आण रे चाकू," तो मापाऱ्याला म्हणाला. त्यानं चौरंगाला हात जोडले आणि स्वतःच्या हातानं नाडा कापला. फरशी. दुसरा कापला. फरशी. मग त्यानं चाकू खाली ठेवला आणि मुलाला हाक मारली, तोच मुलगा जो सकाळी ठाण्यात मान डोलावत होता.

"सकाळी ठाण्यात तूच गेलता ना साक्ष द्याले? चाल आता माह्यासंगं. ते पोरगी खरं सांगून राह्यली होती."

आम्ही निघालो तोवर माझ्या माणसांचा निरोप आला. ट्रक फाटकाशी लागला होता, विक्रेत्याला एका रात्रीचाही धीर उरला नव्हता. ट्रक तिथंच अडवला. कार्यालयाच्या मागच्या खोलीत फरश्यांची थप्पी आणि फरशी कापायचं यंत्र होतं. खोलीला कुलूप लावून पहारा ठेवला, पंचांना बोलावणं धाडलं आणि विक्रेत्याला आणि ट्रकवरच्या त्याच्या साथीदाराला ठाण्यात आणलं.

चौकशीला मी फारसा वेळ घेतला नाही. आवाजही चढवला नाही. पेढीवरच्या दोन फरश्या त्याच्यासमोर ठेवल्या, शेजारी माझा लॅपटॉप ठेवला आणि एकच विचारलं, "खरे कितीजणांना दिलेस?"

त्यानं समोरच्या फरश्या बाजूला सरकवल्या. मग म्हणाला, "तीन, साहेब. एक आपको, दो और बडे लोगों को."

"माझ्यावर एवढी मेहेरबानी का?"

"पुलिस का डिब्बा सही निकले, तो बाकी की कौन सुनेगा?"

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं स्पष्ट सुनावलं नसेल. माझा गणवेश त्यानं विकत घेतला होता, आणि मला कळलंही नव्हतं. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. स्वतःचा आला.

तोवर गावात बातमी पसरली होती. दिवेलागणीच्या सुमारास ठाण्याच्या आवारात खोके घेतलेली माणसं जमली. व्यापारी, मास्तर, तलाठी, सगळे एकदम बोलत होते. अडत्याचा मुलगा पुढं आला. "साहेब, आमचे चार गेले. फिर्याद वडिलांच्या नावानं घ्या, वजन पडन."

"फिर्याद जो आधी आला त्याची," मी म्हणालो. "बाकीच्यांचे जबाब नंतर. रांग लावा."

म्हाताऱ्या अडत्यानं मुलाकडं असं पाहिलं की तो मुकाट मागं सरकला. मी मुलीला माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं. आईबाप तिच्या शेजारी. हवालदारानं प्रथम खबरीचा फॉर्म काढला आणि ती सांगेल तसं लिहीत गेला. नाव, वय, पत्ता, काय घडलं, केव्हा घडलं. लिहिता लिहिता तो एका रकान्याशी थांबला आणि माझ्या कानाशी आला.

"साहेब, तक्रार देण्यास विलंबाचं कारण. काय लिहू? घाबरल्यामुळं उशीर झाला, असं लिहू?"

तो मला वाचवायला पाहत होता. त्या रकान्यात ठाण्याठाण्यांतून असंच काहीतरी लिहिलं जातं आणि कुणी विचारत नाही. पण ती मुलगी समोर बसली होती आणि ती एक क्षणही घाबरली नव्हती.

"लिही," मी मोठ्यानं म्हणालो, आवारात ऐकू जाईल असं. "फिर्यादी आज सकाळीच ठाण्यात हजर झाली होती. ठाणेदारानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून उशीर झाला."

हवालदाराची लेखणी थबकली. "साहेब, हे वर जाईन. तुमचा खुलासा मागतीन."

"मागू दे. लिही."

त्यानं लिहिलं. नियमाप्रमाणे मी सगळी फिर्याद तिला वाचून दाखवली.  वाचून झाल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, सकाळी तुला चोर समजलो. माझं चुकलं. माफ कर."

गँगमन खुर्चीवरून अर्धवट उठला, "साहेब, तुम्ही मोठे माणसं..." म्हणू लागला. मुलीनं त्याच्या हातावर हात ठेवून त्याला बसवलं. फॉर्म स्वतःकडं ओढून घेतला, ती ओळ पुन्हा एकदा मनाशी वाचली आणि खाली सही केली.

मी स्वतःच खरेदीदार, म्हणजे साक्षीदार झालो होतो. म्हणून पुढचा तपास वरिष्ठांना सांगून दुसऱ्या अधिकाऱ्याकडं दिला. माझा लॅपटॉप मुद्देमालात जमा झाला, मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. बहुतेकांचे पैसे न्यायालयामार्फत परत मिळाले. मुलीनं नंतर वर्ध्याच्या दुकानातून लॅपटॉप घेतला आणि दुकानदारासमोरच उघडून, चालू करून पाहिला, असं तिच्या बापानं मला सांगितलं. प्रोजेक्टला थोडा उशीर झाला, पण कॉलेजनं समजून घेतलं.

माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला आणि मी तो दिला. काही सहकाऱ्यांनी मला वेडं ठरवलं. नोकरीत मी पुष्कळ कागद लिहिले. त्यांतले किती खरे होते हे आज छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. या केसनं मला एवढंच शिकवलं की खोटं पकडायचं शिक्षण आम्हाला मिळतं, पण खरं बोलणाऱ्याला ओळखायचं ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. त्यासाठी आधी स्वतःला मिळालेला मान बाजूला ठेवावा लागतो.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलानं तीच ओळ धरली. त्याला वाटलं, फिर्यादीत फट सापडली. साक्षीच्या पिंजऱ्यात मला त्यानं विचारलं, "म्हणजे खुद्द ठाणेदाराचा या फिर्यादीवर विश्वास नव्हता, हे खरं ना?"

"खरं आहे," मी म्हणालो. "आणि ठाणेदार चुकला होता, हेही खरं आहे."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि माझं उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. पुढं आरोपीला शिक्षा झाली. माझ्या साक्षीच्या वेळी मागच्या बाकावर ती मुलगी आईबापांसोबत बसली होती. मी पिंजऱ्यातून उतरून तिच्यासमोरून जाऊ लागलो, तेव्हा ती उठून उभी राहिली. नोकरीत मला अनेकांनी उठून मान दिला, बहुतेकांनी खाकीला घाबरून. त्या दिवशी तिला मला घाबरायचं काही कारण नव्हतं.